मांजर, फुलपाखरू आणि त्र्याहत्तरावं वर्ष

लिउवान
वाघाचं वर्ष, नववा महिना, तिसरी तिथी

मोठ्या जाऊबाई रुइफंग यांना,

धाकटी युनश्या वाकून नमस्कार करते. आठ वर्षांचे राहिलेले सगळे एकदमच धरून घ्यावेत.

हे पत्र आई सांगताहेत आणि मी लिहिते आहे. घरात शाळा पुरी केलेली मीच, त्यामुळे हे काम माझ्याच गळ्यात. आई चुलीच्या धगीने तापलेल्या निजायच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसल्यात आणि म्हणतात, "लिही, मी चालले."

घाबरू नका. कुठे काही दुखत नाही. सकाळी राळ्याची पेज दोन वाडगे आणि वर मुळ्याचं लोणचं खाऊन झालंय. पण त्यांना त्र्याहत्तरावं लागलंय, आणि त्यात हे वाघाचं वर्ष, म्हणजे त्यांच्या जन्माचंच, आणि जन्माचं वर्ष फिरून आलं की ते जड जातं. म्हण तुम्हालाही ठाऊक आहे: त्र्याहत्तर नि चौऱ्याऐंशी, यमाने हाक मारायच्या आधीच माणूस चालू लागतो. शेजारची पाइ मावशी हुशार. तिने बहात्तर संपल्यावर एकदम चौऱ्याहत्तर सांगायला सुरुवात केली. आई म्हणतात, "यम काय तिच्यासारखा अडाणी आहे?" मी लाल करगोटा शिवून दिला, तो बांधला. पण कापसाची नवी विजार बेतायला घेतली तर म्हणाल्या, "कापूस फुकट जाईल, धाकटे. थंडीपर्यंत मी कुठली?" गेल्या पौर्णिमेपासून ओट्यावरून उतरलेल्या नाहीत. आजार नाही, नुसता निश्चय.

आता त्यांचे शब्द जसेच्या तसे:

"लिही, दहाव्या महिन्याच्या अठराव्या तिथीला माझा वाढदिवस. त्या दिवशी माझ्या खिडकीवर माझ्या आईने लाल कागदात कापलेलं मांजर-फुलपाखरू पाहिजे. आपल्या बोलीत मांजर म्हटलं की कानाला सत्तरी ऐकू येते आणि फुलपाखरू म्हटलं की ऐंशी. ती दोघं खिडकीत बसून सत्तरी-ऐंशी, सत्तरी-ऐंशी करत राहिली की यमाचा माणूस दारातूनच परततो. जिने कोणी ट्रंकेत घालून नेलं असेल, तिने ते आणून द्यावं."

मी म्हटलं, "आई, असं कसं लिहायचं?"

"हाताने. शाळेत काय शिकवलं मग?"

आता त्यांचा डोळा लागलाय, म्हणून चार ओळी माझ्या. ट्रंकेचं मनावर घेऊ नका, जुनं माणूस आहे. तो नमुना कुठे गेला कोण जाणे. पण आपल्यात हात तुमचाच हलका, आणि मांजर तुम्ही शंभरदा पाहिलेलं. आठवून तसंच नवं कापा, चहाच्या पाण्यातून काढून जरा जुनाट करा आणि पाठवा. आई सुखी, घर सुखी. स्वतःच्या आयुष्यासाठीचं चित्र माणसाने स्वतः कापायचं नसतं, ते दुसऱ्याच्या हातून यावं लागतं, नाहीतर त्यांनी आपलंच केव्हाच कापलं असतं. माझा हात कसा आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

सोबत कमळाखालचे दोन कागदी मासे ठेवलेत, तुमच्या घरी वर्षामागून वर्ष पुरून उरावं म्हणून. लाल कागद जपून वापरला आहे, दुमडीचे डाग दिसले तर क्षमा.

आपली धाकटी,
युनश्या


नववा महिना, एकविसावी तिथी

मोठ्या जाऊबाईंना नमस्कार.

तुमचं पाकीट मिळालं. आत माझेच दोन मासे, आणि एकाच्या पाठीवर तुमची ओळ: "जे मी नेलं नाही ते कुठून पाठवू? नवं करून पाठवलं तर मी नेलं होतं असंच ठरेल."

~~क्वानयिनमातेची शपथ, हे माझ्या लक्षातच~~

वर खोडलेलं दिसत असेल. दुसरा कागद घ्यावा असं वाटलं, पण अर्धा कोरा कागद टाकवेना. शपथ खोटी होत होती म्हणून खोडली. लक्षात आलं होतं, जाऊबाई.

आईंना सांगितलं, टपाल अडकलंय. त्या म्हणाल्या, "माझं नाही अडकायचं."

मग मी स्वतः कात्री घेतली. चार मांजरं कापली. पहिलं पाहून आमचे हे म्हणाले, "हुबेहूब आपला जुना गटप्रमुख." दुसऱ्याचं फुलपाखरू सुटून पडलं. तिसरं आईंनी उजेडाला धरलं आणि म्हणाल्या, "याची सत्तरी नाही भरत. सतरा भरली तरी पुष्कळ." चौथं मी दाखवलंच नाही.

परवा तालुक्याहून एक चष्मेवाला आला होता. गावोगावच्या बायकांचं कातरकाम वहीत टिपून नेतो. आईंनी मरणाचं काम थोडं बाजूला ठेवून त्याला ओट्यावर बसवून घेतलं. आपल्या खिडकीवर बोट ठेवून तो विचारतो, "आजी, वटवाघूळ कशाला? कसलं घाणेरडं पाखरू ते!"

"नाव घे त्याचं. आता सुखाचं नाव घे. आवाज दोन आले का? मग थोबाड कशाला बघतोस त्याचं?"

"आणि ही सुरई?"

"सुरई म्हण. आता शांती म्हण. जीभ कुठे वळली? नाही ना? घरात सुरई उभी असली की भांडण येत नाही." इथे माझ्याकडे बघितलं.

"आणि घोड्यावर माकड?"

"ते तुझ्यासाठी. माकड म्हणजे साहेब, घोड्यावर म्हणजे लगेच. अजून कारकूनच आहेस ना? घेऊन जा एक."

बिचारा लाल झाला, पण माकड वहीत घालून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला चित्र आहे! आणि तुमच्या घरातला सगळ्यात जुना नमुना कुठला?" आई म्हणाल्या, "तो चोरीला गेला." त्याने पेन सरसावलं. "कोणी चोरला?" आईंनी तोंड उघडलं आणि माझ्या हातून किटली पडली. चांगली भरलेली. पुसापुशीत ते नाव राहून गेलं.

किटली मुद्दाम पाडली, हे तुम्हालाच सांगते आहे.

आणखी एक. या वर्षात मुलीच्या हातचा मासा खायचा, म्हणजे माणूस माशासारखं उडी मारून वर्षाच्या पलीकडे पडतं. आईंना मुलगी नाही, म्हणून ह्यांनी बाजारातून जिवंत मासा आणून माझ्या हातात दिला. आईंनी बघितलासुद्धा नाही. "मुली नाहीत, सुना दोन आहेत. एकीच्या माशाने अर्धीच उडी होईल. मधेच पडले तर कोण उचलायला येणार?" मासा अजून रांजणात फिरतोय. त्याच्यासाठी पाणी दरीतून वर आणावं लागतं ते वेगळंच.

थोडक्यात, त्या तोंडाने मांजर मागतात, पण त्यांना तुम्ही हव्या आहात. आणि मधे कोण उभं आहे ते मला ठाऊक आहे. एक गोष्ट लिहायची होती, पण कागद संपत आला.

युनश्या


दहावा महिना, पहिली तिथी

मोठ्या जाऊबाई,

कागद संपला नव्हता. मागची बाजू सगळी कोरी होती, तुम्ही पाहिलीच असेल.

आज उपास. सकाळी अंघोळ करून क्वानयिनमातेपुढे तीन उदबत्त्या लावल्या, हात जोडले, आणि मागायचं काय तेच सुचेना. नुसती उभी राहिले. राख पडायला लागली तेव्हा लिहायला बसले.

तो नमुना तुम्ही नेला नव्हता. तो जळला. माझ्या हातून.

तुम्ही पाओचीला गिरणीच्या खोलीत राहायला जायच्या आठ दिवस आधी. वाटण्या झाल्या होत्या. नमुन्यांचं पुस्तक थोरल्या सुनेचं, हे ठरलेलंच होतं आणि ते बरोबरही होतं. मला फक्त मांजराची काजळीवरची नक्कल हवी होती, आपली आपल्याला. विचारलं असतं तर तुम्ही दिली असती. पण मागायला तोंड उघडावं लागतं. दुपारी तुम्ही सगळे ज्वारीत होता. मी फळीवर पांढरा कागद घेतला, पाणी मारलं, त्यावर नमुना चिकटवला आणि फळी उलटी करून धुरकट दिव्यावर धरली. तुम्हीच शिकवलेलं: काजळी बसली की नमुना अलगद सोलायचा, खाली पांढरी आकृती राहते. आणि शिकवताना म्हणाला होता, "पाण्याला हात आखडू नकोस." पण त्या वर्षी ओढा आटलेला, दरीतून दोन बादल्या मीच खांद्यावर आणलेल्या. मी बोटांनी चार थेंब शिंपडले. कड सुकली. आधी फुलपाखराची मिशी पेटली, मग मांजराचा कान. फुंकर मारली तर आणखीच भडकलं.

जुनं ते जाळा म्हणायच्या वर्षांत आईंनी तो नमुना उशीच्या कोंड्यात दडवून वाचवला होता. झडतीवाल्यांनी तीन वेळा घर उलटंपालटं केलं तरी कुणाला सापडला नाही. तो मी चार थेंबांच्या काटकसरीत घालवला. माझ्या टाचणवहीत त्या दिवशी एवढंच आहे: दिव्याचं तेल, दोन चमचे.

संध्याकाळी आईंनी पुस्तक उघडलं, पान रिकामं. म्हणाल्या, "थोरलीने आधीच ट्रंकेत घातलेला दिसतोय." मी चूल फुंकत होते. फुंकतच राहिले. तेवढंच केलं मी. तुम्ही ट्रंक अंगणात आणून एकेक कपडा झटकून दाखवलात, लेकराचं लंगोटंसुद्धा, तेव्हाही मी फुंकतच होते. चूल तर केव्हाच पेटली होती.

तो चष्मेवाला म्हणाला, प्रत्येक गोष्टीला चित्र आहे. काल मी दुपारभर माझ्याकडचे नमुने चाळले. सुखाचं आहे, मुलांचं आहे, बढतीचं आहे, नवरा-बायकोने एका वाटेने चालावं म्हणून पायातल्या जोड्यांचंसुद्धा आहे. माझ्या कामाचं एकही नाही. सगळी चित्रं 'असं व्हावं' म्हणतात. 'असं मी केलं' म्हणणारं कुणी कापूनच ठेवलेलं नाही. म्हणून कात्री बाजूला ठेवली.

ह्यांना आज सकाळी सांगितलं. म्हणाले, "आईला वर्ष उलटल्यावर सांग. त्र्याहत्तरीत माणसाला धक्का द्यायचा नसतो. गेली म्हणजे?"

मी म्हटलं, "गेल्या तर खोटं बरोबर घेऊन जातील."

"तुझं तू बघ. मी गाढवाला पाणी दाखवून येतो." गाढवाला घटकाभरापूर्वीच दाखवलं होतं.

तुम्हाला आधी लिहिलं, कारण नुकसान तुमचं झालं. उद्या आईंना सांगते. काय होईल ते लिहीन. लिहिण्यासारखी उरले तर.

युनश्या


दहावा महिना, नववी तिथी

मोठ्या जाऊबाई,

सांगितलं. आई जिवंत आहेत. मी आहे, पण जरा सुजलेली.

मी ओट्याखाली गुडघे टेकले आणि म्हटलं, "आई, मांजराचा नमुना मी जाळला."

"कुठल्या मांजराचा?"

"तुमच्या आईच्या."

त्यांनी डोकं भिंतीला टेकलं. मला वाटलं, गेल्या. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "आणि थोरलीने?"

"त्यांनी हातही लावला नव्हता."

जाऊबाई, त्या उठल्या. दीड-दोन महिन्यांत पहिल्यांदा, आपल्या त्या लहानपणी बांधून खुजे केलेल्या इवल्याशा पायांवर, कुणी हात न देता. ओट्यावरची केरसुणी घेतली. पहिला फटका पाठीत बसला, दुसरा दंडावर. तिसरा हुकून पिठाच्या डब्यावर बसला, आणि पीठ उडालं म्हणून त्याचेही बोल मलाच. मग एकदम चुलीवरच्या देवाच्या चित्राकडे वळल्या.

"आणि तू रे! दर वर्षअखेरीला, वर जाऊन चहाड्या करू नयेस म्हणून, तुझ्या तोंडाला चिकट मिठाई लावते ना? आठ वर्षं वर जाऊन सांगतोस, ही म्हातारी चांगल्या बाईला चोर म्हणते. आणि इथे माझ्या घरात बसून मला एक शब्द नाही?"

मी म्हटलं, "आई, त्याचं तोंड आपणच चिकटवतो."

"तू बोलूच नकोस!"

मग बसल्या, धापा टाकत. मला वाटलं आता रडतील. पण म्हणाल्या, "यमाच्या दारात पहिला प्रश्न हाच निघणार. 'त्या थोरलीचं काय?' मी काय सांगणार? आता कुठली मरते मी! हे आधी निस्तरायला हवं. ती विजार कुठवर आली?"

"तुम्हीच नको म्हणाला होता."

"आता हो म्हणते. कापूस दुप्पट घाल. पाओचीला वारा असतो."

हे दारातच उभे होते, गाढवाची दोरी हातात. म्हणाले, "आई, पाओचीला मोटारीने दिवस लागतो. थोरलीलाच बोलावू."

"चुकले मी आणि पायपीट तिने करायची? तुला कुणी वाढवलं रे? मीच ना? मग असा कसा झालास?"

तेव्हापासून त्या कात्री घेऊन बसल्यात. स्वतःसाठी नाही, तुमच्यासाठी. म्हणतात, नव्या वर्षाला सासूच्या हातची फुलं थोरल्या सुनेच्या खिडकीला लागतात, आणि आठ वर्षं तुमच्या खिडक्या कोऱ्या राहिल्या. आठही वर्षांची फुलं कापून देणार. हात थरथरतो, पण कात्री लागली की थांबतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. वटवाघळं झाली, साळुंक्या झाल्या, तीन वर्षांचे मासे झाले. मी म्हटलं, "आई, त्यांना गिरणीच्या खोलीत खिडकी एकच. तीही काचेची."

"मग एकावर एक लावील. माझी चूक काय एका खिडकीएवढी होती?"

माझी किती खिडक्यांची, ते विचारायचा धीर झाला नाही.

युनश्या


दहावा महिना, चौदावी तिथी
(आईंच्या हाती)

मोठ्या जाऊबाई,

हे पत्र ज्यांनी दिलं त्या तुमच्यासमोर बसल्या असतील. आधी त्यांचे पाय गरम पाण्यात घाला. वाटेत दुखले तरी त्या सांगणार नाहीत. आमचे हे त्यांना पोचवून उद्याच्या मोटारीने परततील, त्यांना रजा नाही.

आईंनी रस्ताभर बोलायचं पाठ केलंय. मी ऐकलंय. "रुइफंग, माझी जीभ चुकली," इथून सुरुवात आहे आणि पुढे पुष्कळ आहे. पण तुम्हाला पाहिल्यावर त्यातलं काही आठवणार नाही आणि त्या तुमच्या चुलीला नावं ठेवायला लागतील. तेच ते समजावं.

अठराव्या तिथीला लांब शेवया करा. त्यांना अलीकडे मोहरीचं तेल सोसत नाही. मासा तुम्ही तिथे घ्या. इथला रांजणातला मी काल ओढ्यात सोडला, इतक्या दिवसांत ओळख झाली होती. आलं, लसूण आणि आंबवलेली भाजी माझ्या हातची पाठवली आहे. मासा तुमचा, फोडणी माझी. आईंना विचारलं, चालेल का? म्हणाल्या, "उडी मारताना मासा कुणाचं काय ते विचारत नसतो."

आता माझं.

या महिन्यातल्या माझ्या दोन्ही पत्रांना तुमचं उत्तर आलं नाही. तुम्ही का लिहावं? अंगणात कपडे झटकणाऱ्या बाईला आठ वर्षांनी दोन कागद पाठवून भागत नाही, एवढं मला कळतं. आईंनी तुमची क्षमा मागितली ती त्यांची. ती देताना त्यात माझी धरू नका. माझी वेगळी आहे आणि ती मी तुमच्यासमोर उभी राहून मागणार आहे, पण तुम्ही उभं राहू दिलंत तर.

म्हणून असं करा. तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल, तर पंचविसाव्या तिथीच्या मोटारीत आईंना बसवून द्या. ड्रायव्हर आपल्या फाट्याचाच आहे, सांभाळून आणेल. मी गाढव घेऊन फाट्यावर उभी असेन. मोटारीतून त्या उतरल्या की मी समजेन, आणि पुन्हा कधी तुम्हाला त्रास देणार नाही. त्यांचं येणं-जाणं मात्र चालू राहू द्या. त्यात माझ्यामुळे खंड पडू नये.

आणि त्यांना ठेवून घेतलंत, तर न्यायला कुणीतरी यावंच लागेल.

काय ते तुम्ही ठरवा. रोज उदबत्ती लावताना तुमच्या घरासाठी मागते. माझ्यासाठी काय मागायचं ते मातेला न सांगताही कळत असावं.

तुमची,
युनश्या


पाओचीहून तार
दहावा महिना, एकोणिसावी तिथी

आई सुखरूप. परत धाडत नाही. न्यायला तूच ये. पंधरा दिवस राहायच्या तयारीने. रुइफंग